मार्कर नॉर्मल आहे

प्रिय विहीणबाई,

आपलं दोघींचं नातं मोठं गमतीचं आहे. एकमेकींशी बोलायला आपल्याला कायम तिसरं माणूस लागतं. तुमचा फोन येतो, मी उचलते, तुम्ही विचारता, 'बरं आहे ना?' मी म्हणते, 'बरं आहे, व्याह्यांचं कसं?' तुम्ही म्हणता, 'आहे तसंच.' मग दोघींनाही हायसं वाटतं, कारण फोन तुमच्या चिंगीच्या हातात जातो. इतक्या वर्षांत आपण याच्या पलीकडे फारशा गेलो नाही. त्यामुळे हे लांबलचक पत्र हातात पडल्यावर तुम्ही आधी शेवटचं पान उलटाल, हे मला कळतंय. तरी मला सुरुवातीपासून सांगू द्या. मधली पानं उडवून शेवटचं वाचू नका. शाळेतल्या बाई होतात तुम्ही, मुलांनासुद्धा हेच सांगत असाल.

दुकानात बसून लिहितेय. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मागच्या खोलीत आमचे कारागीर काचा घासताहेत, त्या मशीनची घरघर तेवढी ऐकू येते. याच काउंटरपाशी चिंगी पहिल्यांदा उभी राहिली होती, ही गोष्ट तिनं तुम्हाला सांगितली असेलच, पण तिची बाजू सांगितली असेल. केस ओले, खांद्यावर टॉवेल, आणि मागणी काय, तर पोहायच्या चष्म्याला नंबर लावून द्या. पोहायला शिकवताना पोरं पाण्यात काय उद्योग करतात ते हिला दिसत नाही म्हणे. माझा मुलगा म्हणाला, असलं काही आम्ही बनवत नाही. ती म्हणाली, मग शिका. आणि माझा हा मुखदुर्बळ मुलगा, ज्याला गिऱ्हाइकाला 'पैसे' म्हणायची लाज वाटते, तो चार दिवस कारागिरांच्या डोक्यावर बसून पोहायचा चष्मा घडवत होता. तेव्हाच मी मनात म्हटलं, गेला हा हातचा.

तुम्ही पहिल्या भेटीत मला बजावलं होतंत, की मुलगी पाण्यातून बाहेर येत नाही, स्वयंपाकाचं काही विचारू नका. मला वाटलं, किती फटकळ बाई! तुम्हाला वाटलं असेल, किती तोऱ्यातली! दोघींचंही बरोबर होतं.

गाठ तिला स्वतःलाच लागली. तलावावर कपडे बदलताना पोशाखाचा पट्टा वर ओढला आणि छातीपाशी बोटांना काहीतरी टणक लागलं. संध्याकाळी घरी आली, चहा घेतला, आणि मला आत बोलावून म्हणाली, 'जरा हात लावून बघा हो.' नवऱ्याच्या आधी तिनं मला सांगितलं. मी हात लावला. चष्म्याच्या दुकानातली माणसं आम्ही, दिवसभर दुसऱ्याला दिसतंय का ते विचारतो, आणि घरातलं हे कुणाच्याच नजरेला पडलं नव्हतं. चौतिशीची पोर. पुढच्या वर्षी मूल होऊ द्यायचं म्हणून त्या दोघांची कुजबुज चालायची ती माझ्या कानावर यायची, आणि मी बहिऱ्याचं सोंग घ्यायची.

पुढचं थोडं तुम्हाला ठाऊक आहे. सुई टाकली, तुकडा काढला, तो तपासायला गेला. रिपोर्ट आला तेव्हा मी मुलाच्या हातातून ओढूनच घेतला. तीन ओळी होत्या आणि तिन्हींपुढे एकच शब्द, निगेटिव्ह. विहीणबाई, मला इतका आनंद झाला की मी तिथे जिन्यातच बसले. निगेटिव्ह म्हणजे काही निघालं नाही, हे आपल्याला आयुष्यभर माहीत. मीच तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, 'देव पावला.' मागे व्याह्यांना ओरडून सांगितलंत, आणि त्यांचा 'बरं' मला इकडे ऐकू आला. आजारानं त्यांचं अर्धं अंग गेलं आणि सगळे शब्द गेले, तेवढा एक 'बरं' राहिला, तो त्या दिवशी किती आनंदात निघाला होता!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि कागदावर एक गोल काढला. म्हणाल्या, ही पेशी. काहींच्या अंगावर कड्या असतात, दाराला असतात तशा. दोन कड्या हार्मोनच्या, तिसरी एका प्रथिनाची. कुठलीही एक असली, तरी तिला धरून औषध आत शिरतं आणि नेमकं तिलाच मारतं. यांच्या गाठीला तिन्ही नाहीत. आणि शंभरातल्या ऐंशी पेशी वाढायच्या घाईत आहेत. मी विचारलं, 'म्हणजे निगेटिव्ह चांगलं नाही?' त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. चिंगीच म्हणाली, 'तिन्ही विषयांत भोपळा. आई शाळेत असती तर कान पिळला असता.' डॉक्टरबाई हसल्या. माझा मुलगा हसला. मी त्या गोलाकडे बघत राहिले.

घरी येताना मी म्हटलं, तुझ्या आईला फोन करून खरं सांगते, माझी चूक झाली. ती म्हणाली, 'राहू द्या. गाठ आहे एवढं तिला कळू दे, औषधं चालू होतील तेही सांगू. पण निगेटिव्हचा अर्थ नका सांगू. एवढं तरी तिला गोड लागू दे.' तेव्हा मला तिनं तुमच्या धाकट्या बहिणीच्या याच आजाराचं सांगितलं. तिची मावशी शेवटचे पाच-सहा महिने तुमच्याच घरी, बाहेरच्या खोलीत होती, तुम्हीच तिचं सगळं केलंत. आणि ती गेल्यावर वर्षभर तुम्ही आरशात पाहिलं नाहीत, तुमची वेणी चिंगी घालायची. कॉलेजला जायच्या आधी तुम्हाला खुर्चीवर बसवून. हे सांगताना तिचे हात वेणी घालत असल्यासारखे हलत होते. म्हणाली, 'आईनं एकदा पाहिलंय. पुन्हा नको.'

डॉक्टरबाईंनाही हीच शंका आली होती, की मावशीचं आणि हिचं काही जोडलेलं आहे का. रक्तातून तेही तपासलं. काही निघालं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, म्हणजे तुम्ही तुमच्या माहेरच्या रक्ताला बोल लावत बसणार नाही. मावशीचं मावशीकडे आणि हिचं हिच्याकडे. कुणाकडे बोट दाखवावं, तर तेवढीही सोय नाही.

मग ते दिवस आले. खुर्चीत बसवून तासन् तास शिरेत औषध सोडायचे. शेजारच्या खुर्चीत बँकेतली एक बाई असायची. वय हिच्याएवढंच, गाठही तेवढीच, आणि आजार त्याच आठवड्यात निघालेला. तिला ती तिसरी कडी होती. डॉक्टरबाई सांगायच्या, पूर्वी हा तिसऱ्या कडीचा प्रकारही असाच माणसं घेऊन जायचा, पण आता त्याचं औषध सापडलंय. दोघी एकमेकींना 'खुर्चीमैत्रीण' म्हणायच्या, एकमेकींच्या टकलांवर विनोद करायच्या. ती बाई आता ठणठणीत आहे. मागच्या महिन्यात चष्म्याला काच बसवायला दुकानात आली होती, केस खांद्यापर्यंत आलेत. तिला पाहून मला आनंद होतो, असं मी सगळ्यांना सांगते.

ऑपरेशनला तुम्ही आलात. तुमच्या भावाला व्याह्यांपाशी बसवून कशाबशा पाच दिवस राहिलात, आणि त्या पाच दिवसांत आपण भांडलो. तुम्ही म्हणालात, तिला मी आमच्याकडे नेते. मी म्हटलं, उपचार इकडे आहेत. तुम्ही त्या कॉरिडॉरमध्ये, चहाच्या मशीनपाशी, सगळ्या नर्सेसच्या देखत म्हणालात, 'शेवटी सासू ती सासूच.' मी म्हटलं, 'आणि माहेर म्हणजे काय हॉस्पिटल आहे?' नंतर दोन दिवस आपण चिंगीच्या पलंगाच्या दोन बाजूंना दोन पुतळ्यांसारख्या बसलो होतो. चिंगीला एवढं हसू येत होतं, की तिचे टाके दुखायला लागले. तुम्ही गेल्यावर ती मला म्हणाली, 'तुम्ही दोघी माझ्यावरून भांडता ते मला फार आवडतं हो.'

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला, तो तुम्ही गेल्यावर. औषधांनी सगळं विरघळलं असतं तर धोका फार कमी झाला असता. विरघळलं नव्हतं, थोडं उरलं होतं. तुम्हाला सांगितलं, 'गाठ काढली.' ते खरंच होतं. मग किरणांचे शेक दिले, मग महिनोन् महिने गोळ्या. तळव्यांची सालं निघायची, पण पठ्ठी तलावावर जायची, काठावर उभी राहून शिट्टी फुंकायची.

आता मार्करचं. रक्ताची एक तपासणी असते, आजार अंगात असला तर तो आकडा चढतो. डॉक्टरबाईंनी पहिल्यापासून बजावलं होतं, की यांच्या प्रकारात हा आकडा बोलेलच असं नाही, त्याच्यावर विसंबू नका. पण आम्हीच हट्टानं करून घ्यायचो. माणसाला धरायला काहीतरी लागतं ना हो. दर खेपेला रक्त द्यायचं, रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, आणि मग मुलगा जिन्यातूनच ओरडायचा, 'नॉर्मल!' लगेच चिंगी तुम्हाला फोन लावायची. 'आई, मार्कर नॉर्मल आहे.' तुम्हाला तो शब्द इतका पाठ झाला, की मग तुम्हीच आधी विचारायला लागलात. त्यात तिनं तुम्हाला कधी खोटं सांगितलं नाही, विहीणबाई. तो आकडा नॉर्मलच होता. आजही नॉर्मल आहे.

त्या मधल्या वर्षात ती तुमच्याकडे येऊन गेली. डोक्यावर ते मेंढरासारखे कुरळे केस आले होते. तुम्ही फोनवर मला म्हणालात, 'वजन वाढलंय हो पोरीचं', आणि आपण दोघी पहिल्यांदा एकाच गोष्टीवर खूश झालो. त्याच दिवसांत तिनं मला पाण्यात उतरवलं. या वयात. मी आयुष्यात बादलीपेक्षा जास्त पाणी अंगावर घेतलेलं नाही. सकाळी तलाव रिकामा असताना मला नेलं, पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, 'मान सोडा. अहो, मान सोडा, ती काय पळून जातेय का?' मी छताकडे बघत आडवी. कानात पाणी. तिनं हात कधी काढून घेतला ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी किंचाळले आणि बुडाले, आणि ती इतकी हसली, की तलावावरचा रखवालदार धावत आला. त्या वर्षात आम्ही सुखी होतो. मला तेव्हा ते कळत होतं, एवढंच मी म्हणू शकते.

मग खोकला सुरू झाला. तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा असेल म्हणालो, हवेचा म्हणालो. मार्कर केला, नॉर्मल. त्या नॉर्मलवर आम्ही आणखी काही आठवडे गाढ झोपलो. शेवटी जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसली, तेव्हा स्कॅन केलं. दोन्ही फुप्फुसांत भरभरून होतं. डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला तेव्हा माझ्या मुलाच्या हातात तो नॉर्मलचा कागद होता, त्याची त्यानं गुंडाळी करून टाकली होती. मी विचारलं, महिनाभर आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, फार फरक पडला नसता. हे ऐकून मन हलकं व्हावं की आणखी बुडावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं मला शब्द द्यायला लावला. म्हणाली, 'आईला सांगायचं नाही. बाबा अंथरुणावर, ती त्यांना सोडून येऊ शकत नाही आणि न येता राहूही शकत नाही. तिकडे बसून नुसती जळेल.' मी म्हटलं, अगं, आई आहे ती. ती म्हणाली, 'म्हणूनच.' मी शब्द दिला. द्यायला नको होता का? मी पुष्कळ विचार केला. तिनं मागितलं आणि माझ्याकडे दुसरं देण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हापासूनचे फोन कसे होतात, ते तुम्हाला आता सांगते. सकाळी तिचा आवाज बरा असतो, म्हणून ती तेव्हाच करते. आधी कोमट पाणी पिते. मला समोर बसवते. खोकला आला की फोन मला देते आणि मी तुम्हाला व्याह्यांच्या औषधांचं काहीतरी विचारते, तोवर ती उशीत तोंड खुपसून खोकून घेते. तुम्हाला वाटत असेल, विहीणबाई हल्ली फार मध्ये मध्ये तोंड घालतात. कॅमेरा बिघडलाय असं आम्ही म्हणतो, पण तो बिघडलेला नाही. केस पुन्हा गेलेत, आणि चेहरा दाखवण्यासारखा राहिलेला नाही. 'तलावावर कशी आहेत पोरं?' असं तुम्ही विचारता, आणि ती दोन वर्षांपूर्वीच्या पोरांच्या गमती आजच्या म्हणून सांगते. फोन ठेवला की ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडते. तेव्हा तिच्याशी बोलायचं नाही, हे आम्हाला ठाऊक झालंय.

दुसरं औषध दिलं. मग तिसरं, नवीन निघालेलं एक इंजेक्शन. त्यानं तीन-चार महिने असे दिले, की आम्ही पुन्हा वेडे झालो, मुलानं फिरायला जायच्या जागा शोधल्या. मग यकृतात दिसलं. मग डोकं दुखायला लागलं.

एके दिवशी ती म्हणाली, 'माझा नंबर वाढलाय, डावीकडचं नीट दिसत नाही.' मुलानं तिला दुकानात आणून तपासायच्या खुर्चीत बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता. ती प्रत्येक ओळीतली उजवीकडचीच अक्षरं वाचायची, डावीकडची तिच्यासाठी नव्हतीच. त्यानं एक काच बदलली, 'आता?' दुसरी बदलली, 'आता?' विहीणबाई, पंधरा वर्षं तो डोळे तपासतोय. पहिल्या ओळीतच त्याला कळलं असणार, की हे डोळ्याचं नाही, डोक्यातलं आहे. तरी तो काचा बदलत होता. पेटीतल्या सगळ्या बदलल्या. आणि तिला कळलं होतं की त्याला कळलंय. तरी ती प्रत्येक वेळी म्हणत होती, 'हं, थोडं बरं.' मागच्या खोलीतलं मशीन कारागिरांनी बंद केलं होतं. मी काउंटरमागे उभी होते, आणि मला त्या दोघांत जाता येईना.

डोक्याला शेक दिले. त्यानं दुखणं कमी झालं, बाकी काही नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या. हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई घरी येतात, तेव्हा काय सांगायला येतात ते उघड आहे. त्या म्हणाल्या, आता अंगाला आणखी त्रास देण्यात अर्थ नाही. वेदना होऊ देणार नाही, एवढं माझ्याकडे लागलं. मुलानं विचारलं, किती? त्यांनी महिने म्हटलं नाही. चिंगी सगळं ऐकत होती. त्या गेल्यावर म्हणाली, 'चला, सुटले सुयांमधून.' मग थोड्या वेळानं म्हणाली, 'पण मला जायचं नाही हो.' माझा हात धरून म्हणाली. मी नुसता हात धरून बसले. माझ्याकडे धीर द्यायला काही उरलेलं नाही. पूर्वी मी संध्याकाळी दिवा लावून दोन मिनिटं डोळे मिटायची, आता मिटत नाही. कुणाला काय मागायचं?

परवा रविवारी तुमचा फोन झाला. तुम्ही म्हणालात, आवाज झोपाळू येतोय. ती म्हणाली, तलावावर स्पर्धा आहेत, दमते. तुम्ही रागावलात, म्हणालात, 'पाण्यात फार वेळ राहू नकोस, पायात गोळे येतात.' ती म्हणाली, 'नाही राहणार.' फोन ठेवल्यावर मला विचारलं, 'नीट झालं ना आज?' मी म्हटलं, झालं.

काल तिला ताप चढला. गुंगीत होती. एकदम स्पष्ट आवाजात तिनं हाक मारली, 'आई!' घरात ती मलाही आईच म्हणते, म्हणून मी 'ओ' दिली आणि जवळ गेले. ती पुन्हा म्हणाली, 'आई!' मी म्हटलं, 'ही काय, इथेच आहे मी.' तिनं डोळे उघडले. उरलेल्या अर्ध्या नजरेनं माझ्याकडे नीट पाहिलं. आणि विहीणबाई, तिचा चेहरा पडला. क्षणभरच. तुम्ही तिला चांगलं वळण लावलंय, तिनं लगेच सावरून घेतलं, म्हणाली, 'हो, तुम्हालाच मारत होते हाक.' आणि डोळे मिटून घेतले. हाका मात्र दिवसभर चालू राहिल्या. मी ओ देणं सोडून दिलं. दुसऱ्याच्या नावानं आलेलं आपण किती वेळ घ्यायचं?

म्हणून मी शब्द मोडतेय. मुलाशी काल बोलले, त्यानं तुमच्यासाठी तिच्या खोलीत पलंग सरकवून दिला. तो तिच्यापाशी आहे. इथवर काल दुकानात लिहिलं, पुढचं आज गाडीत लिहितेय. हे पत्र घेऊन वर आले आहेत ते आमचे कारागीर, लग्नात तुम्ही त्यांना पाहिलंय, गाडी तेच चालवतील, आणि अंधार पडायच्या आत तुम्हाला तिच्यापाशी पोचवतील. व्याह्यांना कुणावर सोडू, हा प्रश्न मनात आणू नका. मी खाली गाडीत बसले आहे. माझी बॅग घेऊनच आले आहे. आमच्या ह्यांचं शेवटचं दीड वर्ष मीच केलं, कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं सगळं मला येतं; कोणती गोळी कधी, तेवढं जाता जाता सांगा. तुम्ही तिथे लागाल तितके दिवस मी इथे राहीन. मी परत जाईन तेव्हा ती असेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलेलं नाही, ते मी विचारून घेतलं आहे. सकाळी निघताना तिला झोप लागली होती, मी उठवली नाही. तोंडानं हे सगळं मला सांगता आलं नसतं, आपण एकमेकींच्या गळ्यात पडलो असतो आणि दुपार तिथेच गेली असती. रडायचं ते गाडीत रडून घ्या, रस्ता लांब आहे. कपडे भरत बसू नका, माझं कपाट उघडं ठेवलंय, माझं माप तुम्हाला होईल. मला वर बोलवा आणि निघा.

तुमचीच,
दाराशी थांबलेली विहीण